दाताच्या दोन इम्प्लांटच्या मधला काळा पट्टा: हाड गेलंय की आर्टिफॅक्ट (स्कॅनमधला खोटा आभास)?

प्रश्न:
३६ आणि ३७ ला (खालची डावी पहिली आणि दुसरी दाढ) टायटॅनियमचे इम्प्लांट (हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ), वर स्क्रूने बसवलेले झिर्कोनियाचे क्राऊन (दाताची टोपी). सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) ९० केव्ही (नळीचं व्होल्टेज), ८ एमए (नळीतला करंट), व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान घन) ०.२ मिमी, एफओव्ही (स्कॅनमधे येणारा भाग) ८×८ सेमी. दोन्हींच्या मधे काळा पट्टा आहे आणि ३६ ला गालाकडचं हाड दिसतच नाही. प्रोबिंग (हिरडीच्या फटीची खोली) ३ मिमी, रक्त नाही. एमए वाढवून पुन्हा स्कॅन घ्यावा का?

प्रतिसाद १:
नको. एमए वाढवला की नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) थोडा कमी होतो आणि डोस वाढतो, पट्टा आहे तिथेच राहतो. कमी ऊर्जेचे किरण धातूतच अडकतात, पलीकडे फक्त जास्त ऊर्जेचे पोचतात. सॉफ्टवेअरला वाटतं, मधे काही नाहीच, म्हणून ती जागा काळी. दोन इम्प्लांट एका रेषेत आले की हे सगळ्यात जास्त होतं.

अ‍ॅक्सियल (आडवे) स्लाइस एकेक करत खाली न्या. इम्प्लांट जोडणारा पट्टा सरळ असेल, वरपासून खालपर्यंत साधारण तेवढाच रुंद असेल आणि इम्प्लांटच्या टोकाशी येऊन संपत असेल, तर तो आर्टिफॅक्ट. खरी झीज हाडाच्या कडेपासून सुरू होते, बशीसारखी वर रुंद आणि खाली निमुळती. तरी शंका राहिली तर पॅरलल टेक्निकने (फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून) पेरिएपिकल (तोंडात ठेवलेल्या छोट्या फिल्मवरचा) एक्स-रे काढा. इम्प्लांटचे थ्रेड (आटे) दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसले पाहिजेत, नाहीतर अँगल चुकलाय. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

प्रतिसाद २:
पेरिएपिकलमधे गालाकडचं हाड कळणार नाही, ते इम्प्लांटवरच चढलेलं दिसतं. त्यासाठी आधी विंडो (स्क्रीनवर दिसणाऱ्या करड्या छटांची मर्यादा) रुंद करा आणि स्क्रीनवर इम्प्लांटचा व्यास मोजा. ४.० चा इम्प्लांट ४.६ भरला तर दोन्ही बाजूंनी ०.३ मिमी फुगलाय, आणि तेवढं हाड त्याखाली झाकलं गेलंय. हाड मुळातच पातळ असेल तर ते पूर्ण गायब होतं. त्यामुळे रिपोर्टमधे ‘हाड नाही’ असं लिहू नका, ‘या स्कॅनवर सांगता येत नाही’ असं लिहा. इम्प्लांटलगतच्या ग्रे व्हॅल्यूवरून (करडेपणाच्या आकड्यावरून) हाडाची घनता तर काढूच नका.

प्रतिसाद ३:
स्कॅन पुन्हा घ्यायचाच ठरला तर आधी क्राऊन काढा. झिर्कोनिया टायटॅनियमपेक्षा जास्त आर्टिफॅक्ट देतो. चावण्याची पातळी आडवी ठेवा, म्हणजे समोरच्या बाजूच्या फिलिंगच्या रेषा दातांच्या उंचीवरच राहतात. हनुवटी वर गेली की त्या हाडावरून जातात. गाल आणि हिरडीच्या मधे कापसाचा रोल ठेवा, एफओव्ही ५×५ करा. एफओव्हीबाहेरचा धातूही त्रास देतोच, पण स्कॅटर (विखुरलेले किरण) कमी होतं.

प्रश्नकर्ता:
आमच्या मशीनमधे एमएआर (धातूचे आर्टिफॅक्ट कमी करणारं सॉफ्टवेअर) आहे. चालू ठेवू का?

प्रतिसाद २:
ठेवा, पण एमएआर नसलेलं रिकन्स्ट्रक्शनही (स्कॅनवरून तयार केलेलं चित्र) जपा. बऱ्याच मशीनमधे एमएआर प्रोजेक्शनमधला (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या मूळ एक्स-रे चित्रांमधला) धातू कापून तिथे शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतं. चित्र छान दिसतं, पण पातळ हाडाची कड त्या अंदाजातच पुसली जाऊ शकते. ३६ चं हाड मूळ स्कॅनवरच बघा.