गरज नसते असं नाही

'मुलं मानसिक आरोग्याचं ॲप घेतात आणि आठवड्याभरात विसरतात, म्हणजे त्यांना गरजच नसते' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. गळती खरी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला होता. १५ दिवसांनी टिकून राहणाऱ्यांचं मध्यक प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली निघालं. (आणि तो अभ्यास काही फक्त तरुणांवरचा नव्हता, तेव्हा खापर एकट्या पोरांवर नको.)

रात्री दोनला झोप उडालेल्या मुलाला 'आजचा मूड कोणता?' विचारत पाच हसरे-रडके चेहरे दाखवले, तर तो एकदा टिचकी मारेल, दोनदा मारेल. पुढे काय? नोंदी साठत जातात, वाचणारं कुणीच नाही. ऑनलाइन सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) कार्यक्रमाला माणसाची सोबत असेल तर लोक तो जास्त प्रमाणात पूर्ण करतात, हे वारंवार दिसलंय. तो माणूस दर वेळी डॉक्टरच हवा असंही नाही. आठवड्यातून एकदा 'तुझं वाचलं, त्यावर बोलूया' म्हणणारं प्रशिक्षित कुणीतरी पुरतं.

दुसरं गुप्ततेचं, जे आपण मोठे हमखास विसरतो. फोन टेबलावर पडलाय, आजूबाजूला सगळे बसलेत आणि लॉक स्क्रीनवर उमटतं, 'आज उदास वाटतंय का?' संपलं! ॲप तिथल्या तिथे उडवलं जाणार. नोटिफिकेशन मोघम ठेवावं, आणि घरच्यांना काय, कधी कळवलं जाईल हे पहिल्याच पडद्यावर सरळ सांगावं. हे ठरवतानाच मुलांना सोबत घ्या. सगळं झाल्यावर नुसता रंग निवडायला नको.