लहान मुलांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम सोपे कसे करू? रविवारच्या आत मदत हवी आहे

मानपाड्याची मावशी
कोणीतरी पटकन सांगा. रविवारी दुपारी पोरं परत येणारेत आणि मागच्यासारखंच झालं तर पुन्हा कोणी बसणार नाही. मला ते नकोय, मला हा खेळ मनापासून आवडतो आणि यांनाही आवडावा असं फार वाटतं. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद, भरता भरताच अर्धा वेळ गेला, मग खेळातली मारामारी सुरू झाली तर एकाचा चान्स येईपर्यंत बाकीचे सोफ्यावरून उड्या मारतायत. कुठले नियम ठेवू, कुठले काढू? आणि प्लीज "मोठी झाल्यावर खेळवा" सांगू नका, बॉक्सवर 12+ लिहिलंय ते मी वाचलंय.

नेरुळ वेस्ट
मुलं किती, वयं काय, वाचता येतं का सगळ्यांना? आणि 2014 ची पाचवी आवृत्ती की 2024 ला सुधारून आली ती?

कोलशेतकर
हा मोबाईलवरचा गेम आहे का? माझा भाचा दिवसभर असलंच काहीतरी ड्रॅगनचं खेळतो, चष्मा लागला. आधी स्क्रीन टाइम कमी करा.

खारघरचा डीएम
नाही हो काका, यात स्क्रीनच नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली काढलेला खेळ आहे, टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात.
मावशी, नेरुळवाल्यांनी विचारलंय ते सांगा ना, सगळं वयावर आहे.

मानपाड्याची मावशी
पाच जण. भाची नऊची, तिचा भाऊ पाचचा, बाकी सोसायटीतली सात-आठची. छोट्याला वाचता येत नाही. पुस्तकं जुनी, 2014 ची. आता सांगा.

घणसोली सेक्टर सात
सरळ हीरो किड्स घ्या. 4 ते 10 वयासाठीच बनवलाय, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतो, पीडीएफ मिळते. मी तोच खेळवते. मोठ्यांचा खेळ कापून लहान करत बसण्यापेक्षा लहानांसाठी शिवलेला घ्यावा.

मानपाड्याची मावशी
नवीन काही वाचायला वेळ नाही हो, आणि भाचीला माझ्या पुस्तकातलेच राक्षस हवेत, चित्रं पाहून ठेवलीयत तिने.

खारघरचा डीएम
मग मी करतो तसं करून बघा. शीटवरचे पात्राच्या गुणांचे सहा रकाने काढून टाका. प्रत्येकाला एवढंच विचारा, तू कशात भारी? ताकद, चपळाई, डोकं की गोड बोलणं, यातलं एकच. गोड बोलणं काढू नका, अर्धी पोरं राक्षसाला मारायच्या ऐवजी घरी न्यायला बघतात. फासा साधा लुडोचा. 4, 5, 6 आला की जमलं. ज्यात तो भारी आहे तसलं काम असेल तर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. हे मूळ खेळातलंच आहे, अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात. एका फाशावर निम्मी शक्यता, दोनावर चारात तीन, म्हणजे आपण भारी आहोत हे पोराला कळतं आणि बेरीज एकही करावी लागत नाही.
हिट पॉइंट्स, म्हणजे पात्रात जीव किती उरलाय त्याचे आकडे, त्यांच्याऐवजी प्रत्येकासमोर एक वाटी आणि वाटीत तीन राजमे. फटका बसला की त्याने स्वतः एक राजमा उचलून माझ्या हातात द्यायचा. लिहिणं-खोडणं नाही, आणि समोरच्याच्या वाटीत एकच उरलाय हे सगळ्यांना दिसतं, मग न सांगता त्याला वाचवायला धावतात. चान्सचा क्रम फासा टाकून ठरवू नका, बसलेत तसे ओळीने फिरा, आणि एकाचं चालू असताना पुढच्याला सांगून ठेवा की आता तुझा नंबर, काय करणार ते ठरव.

पाचपाखाडी जुना खेळाडू
लुडोचा फासा देऊन खेळातला जीवच काढलात. मुलं टेबलाशी येतात ती त्या वीस बाजूंच्या फाशासाठी, माझा मुलगा तो उशाशी घेऊन झोपायचा. तो ठेवा, बाकी सगळं फेका. 10 किंवा वर आलं की जमलं, वीसात अकरा शक्यता, झालं की. आणि दुसरीतल्या मुलाला 20 पर्यंतची बेरीज येते, त्यात +2 मिळवायला लावलं तर बिघडलं कुठे? उलट गणित पक्कं होतं.

खारघरचा डीएम
दुसरीतल्याला येते, पाच वर्षांच्याला नाही. आणि एक जण बोटं मोजतोय तोवर चार जण सोफ्यावर.

ऐरोलीची आजी
फासे हवेतच कशाला मी म्हणते. आम्ही अंधारात गोष्ट सांगायचो, मुलंच म्हणायची आता राक्षस आला, आता राजकन्या पळाली, तेवढ्यावर तास जायचा.

घणसोली सेक्टर सात
आजी, गोष्ट सांगताना एकाचंच चालतं म्हणून जमतं. इथे पाच जणांना एकाच वेळी राजा व्हायचंय. "मी मारला", "नाही, लागलाच नाही", "टाइमप्लीज", लगेच भांडण. फासा पडला की कोणाचं खरं ते ठरतं आणि मोठ्या माणसाने बाजू घेतली असंही होत नाही.

कोलशेतकर
रविवारी येऊरला न्या त्यांना. सकाळी सहाला निघा, पक्षी दिसतात, पाय मोकळे होतात, दुपारी गप झोपतील.

नेरुळ वेस्ट
मावशी, उड्या मारायला लागायच्या आधी नेमकं काय झालं होतं? कोणी रडलं का?

मानपाड्याची मावशी
हो. छोट्याने जादूगार घेतला होता, पहिल्याच गॉब्लिनच्या, म्हणजे छोट्या राक्षसाच्या, फटक्याला तो पडला. मग भाची म्हणाली त्याला कच्चा लिंबू ठेवूया, तर तो जास्तच भडकला आणि गॅलरीत जाऊन बसला. नंतर खेळ जमलाच नाही.

नेरुळ वेस्ट
अहो मग हेच आधी सांगायचं ना! प्रश्न बेरजेचा नाहीच. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट्स सहा-सात असतात, आणि 2014 च्या पुस्तकातला गॉब्लिन एका घावात 3 ते 8 घेतो. दोन फटक्यांत, कधी एकाच फटक्यात आडवा. नियमाप्रमाणे शून्यावर तो लगेच मरत नाही, पुढे वाचण्यासाठी फासे टाकायचे असतात, पण पाच वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की मी मेलो आणि बाकीचे खेळतायत.
विषामृतासारखं करा. वाटी रिकामी झाली की तो जागच्या जागी गोठला, मित्राने आपला चान्स खर्च करून हात लावला की एक राजमा परत आणि चालू. आणि त्याला मॅजिक मिसाइल द्या. मूळ नियमातच तो मंत्र चुकत नाही, तीन बाण सुटतात आणि तिन्ही लागतात, नेम लागला का हे बघायला फासा टाकायलाच नको. तीन चिठ्ठ्यांवर बाण काढून द्या, वापरली की चिठ्ठी उलटी. वाचता न येणारा मुलगा मग कच्चा लिंबू राहत नाही, नेम न चुकणारा तो एकटाच.

पाचपाखाडी जुना खेळाडू
मंत्राचं आवडलं. पण मरणच काढून टाकलं तर भीती कसली? भीती नाही तर धाडस कसलं?

खारघरचा डीएम
हरणं काढायचं नाही, फक्त खेळाबाहेर बसवणं काढायचं. सगळे गोठले तर गॉब्लिन खजिना घेऊन पळतात, पूल तुटतो, गावातली गाय नेतात. नुकसान खरं हवं, ते फाशाने झालेलं हवं, आणि तुम्ही दया येऊन ते मागे घ्यायचं नाही. मुलांना फसवलेलं लगेच कळतं.

घोडबंदर साइड
गोष्ट ठाण्यातलीच करा ना, तलावपाळीच्या तळाशी ड्रॅगन, मासुंदा तलावात रात्री बोट घेऊन उतरायचं, कोपिनेश्वराची घंटा वाजली की तो जागा होतो. मुलांनी ती बोट पाहिलेली असते, नकाशा समजावायला नको.
आणि कोणाला ते वीस बाजूंचे फासे ठाण्यात दुकानात मिळाले का? गोखले रोडला विचारून आलो, सापशिडीचेच दाखवतात.

पाचपाखाडी जुना खेळाडू
ऑनलाइन मागवा, सात फाशांचा सेट घ्या, त्यात 4 पासून 20 बाजूंपर्यंत सगळे येतात.

घणसोली सेक्टर सात
मुलांसाठी मराठीत चित्रांचं एक पानी शीट करायला मी तयार आहे. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, श्रेय लिहिलं की भाषांतर करून वाटता येतं. शनिवारी रात्रीपर्यंत टाकते.

मानपाड्याची मावशी
शीट नक्की टाका ताई! लुडोचे फासे, राजमे, विषामृत आणि बाणाच्या चिठ्ठ्या घेतेय. वीस बाजूंचा फासा टेबलाच्या मधोमध ठेवते, ड्रॅगनवर घाव घालायचा तेव्हाच उचलायचा, 10 किंवा वर आलं की लागला. तळ्यातला ड्रॅगन फायनल. पण त्याला राजमे किती देऊ?

खारघरचा डीएम
पाच मुलांत एका फेरीत दोन-तीन घाव लागतील. दहा द्या, चार फेऱ्यांत संपतो. छोट्याच्या तीन चिठ्ठ्या शिल्लक असतील तर बारा.