एसीएल दुसऱ्यांदा करायचंय, रिझल्ट पहिल्यासारखाच येतो का?

रेडर_सांगली
नमस्कार मंडळी. २०२३ च्या दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट) केलं होतं, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा टेंडन काढून तिथं लावलेला. छान चाललेलं, परत कबड्डीच्या मॅटवर उतरलो. आता बोनस घ्यायला पाय टाकला तर कॉर्नरवाल्याने अँकल होल्ड मारला, पाय तिथंच आणि मी फिरलो, कट्ट आवाज. एमआरआयमध्ये ग्राफ्ट तुटलाय, आतल्या बाजूची गादीपण फाटलीय. डॉक्टर रिव्हिजन म्हणतात, म्हणजे तेच ऑपरेशन परत. घरचे म्हणतात तुला सगळं माहितीये की, सहा महिन्यात पळशील. खरंय का?

गुडघा_फिजिओ
नाही भावा. दोन्ही गटातले पेशंट बघतो म्हणून सांगतो, रिव्हिजनवाल्याचा गुडघा मुळातच जास्त झिजलेला असतो. अमेरिकेत ८३ सर्जननी मिळून १२०० वर रिव्हिजन पेशंटचा मार्स नावाचा अभ्यास केलाय, त्यात साधारण दहातल्या नऊ जणांच्या गादीला नाहीतर कार्टिलेजला (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) आधीचं किंवा नवीन डॅमेज होतंच. आणि पुढे दुखणं, खेळाची लेव्हल सगळं त्यावर ठरतं, नुसत्या लिगामेंटवर नाही. ग्राफ्ट परत तुटायचा धोका पहिल्या ऑपरेशनच्या तीन-चार पट धरतात. सहा महिने तर पहिल्या वेळीपण घाईच, नऊच्या आत खेळायला सोडूच नये, तुझ्या केसमध्ये वर्ष धर. गादी शिवली तर सुरवातीला वजन टाकायला आणि गुडघा वाकवायलापण बंधनं येतील.

दोनदा_कापलेला
माझं दोन्ही झालंय. पहिल्या वेळी मांडीच्या हाडातला टनेल, म्हणजे ग्राफ्ट ओवायचं भोक, जरा उभाच पडला होता म्हणे, त्यामुळं वळताना गुडघा सटकायचा. दुसऱ्या वेळी आधी सीटी, त्यात टनेल रुंद झालेला दिसला, मग एकदा नुसतं हाड भरलं आणि ते धरल्यावर काही महिन्यांनी लिगामेंट, म्हणजे दोनदा भूल दोनदा बिल. यावेळी वाटीखालचा टेंडन घेतला, घट्ट आहे पण अजून गुडघे टेकले की पुढे खुपतं, नमस्काराला वाकतो तो उभ्यानेच. तरीपण जिने उतरताना आता भरवसा वाटतो, तो आधी नव्हता.

ऑर्थो_रेसिडेंट
वरच्यांशी सहमत, फक्त ऑपरेशन कोण करणार याआधी पहिला का तुटला ते विचारा. अँकल होल्डने तुटला हे दिसतंय, पण टनेल चुकीचा असेल नाहीतर नडगीच्या हाडाचा वरचा उतार १२ डिग्रीच्या वर असेल तर नुसता नवा ग्राफ्ट घालून काय उपयोग, तोच ताण परत त्याच्यावर. बाहेरच्या बाजूने जादा पट्टा लावतात का तेपण विचारा. २०२० च्या स्टॅबिलिटी ट्रायलमध्ये पंचविशीच्या आतल्या पोरांत त्याने ग्राफ्ट तुटायचं प्रमाण ११ वरून ४ टक्क्यांवर आलं. अर्थात ती पहिल्या ऑपरेशनची पोरं होती, पण रिव्हिजनला बरेच सर्जन हेच धोरण ठेवतात.

रेडर_सांगली
बापरे. पहिल्या हॉस्पिटलात कागद मागितले तर नुसतं डिस्चार्ज कार्ड हातात टेकवलं, त्यात टनेलचं अवाक्षर नाही.

ऑर्थो_रेसिडेंट
तोंडी मागू नको, लेखी अर्ज दे आणि पोच घे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं आहे. पण ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं, तेव्हा लवकर कर. ऑपरेशन नोट्स आणि स्क्रू कुठल्या मेकचा, कुठल्या साइजचा ते स्टिकर, दोन्ही लिहून माग. जुना स्क्रू काढायची वेळ आली तर योग्य ड्रायव्हर लागतो, नाहीतर टेबलावरच शोधाशोध.