विषय: पुन: कर्कस्टॉल ॲबीची सहल – आत बघायला किती वेळ ठेवू?

नमस्कार मंडळी,
रविवारी कर्कस्टॉलला डबे आणि मुलांचे खेळ ठरलेच आहेत. माझे आईबाबा सध्या लीड्सला आलेत, त्यांना ॲबी, म्हणजे तिथला जुना ख्रिस्ती मठ, आतून बघायची आहे. छप्पर उडालेलं, नुसत्या भिंती उरलेल्या; अर्धा तास पुरेल ना? बाबांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

—

नमस्कार,
अर्धा तास अजिबात पुरणार नाही. दोन तास ठेवा आणि डबे उघडायच्या आधी जा. जमीन बरीचशी सपाट आहे, बाबांना हळूहळू सगळं फिरता येईल. यॉर्कशायरमधलाच दुसरा मठ, फाउंटन्स ॲबी, भव्य आहे, पण तिथे चालणं फार. शिवाय कर्कस्टॉलचे पहिले साधू फाउंटन्सहूनच आले होते.

१५३९ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात कर्कस्टॉलचा मठ बंद झाला. पुढे लोकांनी दगडही नेले. तरी भिंती इतक्या उंच उभ्या आहेत की कोण कुठे झोपत होतं, कुठे जेवत होतं, हे चालता चालता कळतं. म्हणून चर्चचे फोटो काढून परत फिरू नका. चर्चच्या दक्षिणेला चौक आहे, त्याच्या भोवती मठाचा सगळा संसार मांडलेला होता. पूर्वेला सभागृह, वरच्या मजल्यावर साधूंची झोपायची जागा. मध्यरात्रीनंतर प्रार्थनेला उठायचं, की जिन्याने थेट चर्चमध्ये. पश्चिमेची इमारत शेती आणि मेंढ्या सांभाळणाऱ्या कष्टकरी बंधूंची. त्यांचं खाणं-झोपणं वेगळं.

मला सगळ्यात आवडतो तो जेवणाच्या दालनाचा भाग. हे साधू ज्या ख्रिस्ती पंथाचे होते, त्या सिस्टर्शियन पंथात मांस वर्ज्य होतं. पुढे नियम सैल झाले, तेव्हा पंधराव्या शतकात या दालनाचे दोन मजले केले: वर शाकाहारी पंगत, खाली मांसाची. उत्खननात इथे जनावरांच्या हाडांचे ढीग निघाले. नियम कसा वाकला हे एवढं स्पष्ट दिसणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

चर्चमध्ये मूर्ती किंवा रंगकाम शोधू नका, पंथालाच ते मान्य नव्हतं. पण पश्चिमेच्या दारावरची नागमोडी नक्षी जवळ जाऊन बघा. दगड खरबरीत, जाड कणांचा आहे. त्यात इतकी नेमकी धार काढणाऱ्या पाथरवटांचं कौतुक वाटतं. मनोऱ्याचा काही भाग १७७९ मध्ये कोसळला, उरलेला अजून उभा आहे.

—

ताईंना दुजोरा. थोडी भर घालतो.

हे साधू आधी, ११४७ मध्ये, बार्नोल्ड्सविक या गावी गेले होते. तिथे पाऊस, लुटारू, त्यात गावकऱ्यांशी भांडण, कारण मठाधिपतींनी गावाचं चर्चच पाडलं. शेवटी ११५२ मध्ये हेन्री द लेसी या सरदाराच्या मदतीने एअर नदीकाठी ही जागा मिळाली.

आणि आपल्यापैकी जे हिशेबात रमतात त्यांच्यासाठी: १२८४ मध्ये मठावर ५,००० पौंडांहून जास्त कर्ज होतं. १३०१ पर्यंत ते १६० पौंडांवर आलं, आणि मठाकडे सुमारे ४,००० मेंढ्या होत्या. त्या काळी इटलीचे व्यापारी यॉर्कशायरच्या मठांची लोकर आगाऊ पैसे मोजून उचलत. लोकरीवर मोठं झालेल्या या शहरात राहून आपल्याला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्यापलीकडचं ॲबी हाउस म्युझियम म्हणजे मठाच्या मूळ दरवाजाची इमारत. ते सोडू नका. तिकीट आणि वेळा आदल्या दिवशी वेबसाइटवर बघून घ्या. पावसानंतर गवत फार ओलं असतं, लहानग्यांना गमबूट घाला.

—

ताई, दादा, मनापासून आभार. बाबा जिल्हा बँकेत कर्जविभागात होते. तुमची मेल त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, तर लगेच विचारलं, सतरा वर्षांत एवढं फेडलं कसं? दादा, रविवारी तुम्ही त्यांच्याबरोबर फिराल का? आम्ही दहाला म्युझियमच्या दाराशी असू, डबे गाडीतच ठेवतो.