मदत हवी आहे: केरळची ओळ लाल का होतेय? राज्यवार आरोग्याचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

एका संस्थेसाठी राज्यवार आरोग्याचा तक्ता करतोय. मी हिशेबातला माणूस. एक्सेल येतं, आरोग्यशास्त्र नाही. चांगल्या आकड्याला हिरवा, वाईटाला लाल असं रंगवत गेलो आणि केरळच्या ओळीत अडकलो.

एसआरएसच्या (जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीच्या) २०२०च्या अहवालात हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू (वर्षाच्या आतल्या बाळांचे) केरळात ६, बिहारात २७. इथवर ठीक. पण ढोबळ मृत्युदर (हजार लोकांमागे वर्षाला सगळ्या वयांचे मिळून मृत्यू) बघा: केरळ ७.०, बिहार ५.४. वाटलं, उतरवताना ओळ चुकली असणार. पुन्हा पीडीएफ उघडली, स्क्रीनवर चक्क पट्टी धरून पाहिलं. आकडे तेच.

पुढे एनएसएसची (घरोघरी जाऊन होणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीची) ७५वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८). गेल्या १५ दिवसांत आजारी होतो म्हणणारे देशात ७.५ टक्के, केरळात जवळपास चौघांत एक! हाही रकाना लाल. तक्ता असाच छापला तर कोणी म्हणेल, दवाखानेच बंद करा, लोक ठणठणीत होतील.

तर ढोबळ मृत्युदर सरळ काढून टाकू का? आणि आजाराचा रकाना तब्येतीचा समजायचा की उपचार मिळण्याचा? एनएफएचएस-५ (पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) मधलं सिझेरियनचं प्रमाणही घ्यायचंय. तेलंगणात ६०.७ टक्के. त्याला कुठला रंग द्यायचा हे देवच जाणे.

प्रतिसाद १

काढू नका, पण त्यावरून राज्यांची तुलनाही करू नका. केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत. २०२१च्या अंदाजानुसार साठीपुढचे तिथे सुमारे १६.५ टक्के, बिहारात ७.७.

मनचे आकडे घेऊन करून बघा. दोन्हीकडे साठीपुढच्यांत वर्षाला हजारी ४० आणि बाकीच्यांत हजारी २ मृत्यू धरा. म्हणजे धोका अगदी सारखा. जिथे म्हातारे १६ टक्के तिथे एकूण दर येतो ८.१, जिथे ८ टक्के तिथे ५. फरक सगळा वयाचा. एसआरएसमध्ये वयोगटनिहाय दर मिळतात. ते दोन्ही राज्यांसाठी एकाच प्रमाण लोकसंख्येवर (म्हणजे लहान-थोरांचं प्रमाण दोघांसाठी सारखंच धरलेल्या लोकसंख्येवर) लावा आणि मग रंगवा.

प्रतिसाद २

आजाराच्या रकान्याला रंगच देऊ नका. 'आजारी होतात का?' याचं उत्तर माणूस स्वतःला काय समजतो त्यावर ठरतं. रक्तदाब कधी मोजलाच नाही तो 'नाही' म्हणणार. शेजारी दवाखाना असला की निदान होतं, गोळ्या सुरू होतात, आणि पुढच्या पाहणीत तो 'हो' म्हणतो. अमर्त्य सेन यांनी २००२ साली नेमकं केरळ आणि बिहारचंच उदाहरण देऊन हे लिहिलं होतं. त्यात केरळात म्हातारे जास्त, ते वेगळंच. हा रकाना अर्भकमृत्यूच्या शेजारी ठेवून वाचा, एकटा नको.

सिझेरियनचं दुखणं निराळं. फार कमी असलं तर गरजू बाईपर्यंत शस्त्रक्रिया पोचत नाही, फार जास्त असलं तर विनाकारण होतेय. राज्याची सरासरी या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात कालवते. एनएफएचएस-५ मध्येच देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझेरियन १४.३ टक्के, खासगीत ४७.४. म्हणून सरकारी आणि खासगी असे दोन रकाने करा, आणि जिल्ह्यांची फॅक्टशीट्सही (आकड्यांची पत्रकं) काढा. फक्त जिल्ह्याचा नमुना लहान असतो, तेव्हा दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून पहिला-दुसरा नंबर लावत बसू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वयोगटांचं गणित रात्री लावून बघतो. आजाराच्या रकान्याला राखाडी रंग दिला. आता अडचण एकच: तक्ता भिंतीवर लागणार आहे, आणि 'प्रमाण लोकसंख्या' ही भानगड एका ओळीत कशी लिहू? कोणी सोप्या मराठीत लिहिली असेल तर इथेच चिकटवा.