मदत हवी आहे: संगणक एक, मुलं तीन. तिसऱ्याला कसं गुंतवू?

नमस्कार. कळव्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला संगणक शिकवते. सातवीच्या एका तुकडीपुढे अगदी हात टेकलेत, म्हणून विचारतेय.

लॅबमध्ये संगणक 22, चालू 18, मुलं 54. तास 35 मिनिटांचा. तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं, चपला काढणं, जागेवरून भांडणं, जुनी मशीन सुरू होणं, यातच दहा मिनिटं जातात. उरलेल्या 25 मिनिटांत तिघांत एक माउस, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम आठ मिनिटं.

मग उद्योग सुरू होतात. कीबोर्डवरची एम आणि एनची बटणं उपटून अदलाबदल, कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबून स्क्रीन उलटी करणं, शेजारच्यांची लॅनची (संगणक एकमेकांना जोडणारी) वायर ओढणं. नेट बंद करून पाहिलं, तर क्रोम ब्राउझरमधला डायनासोरचा गेम बाहेर आला. तो नेट नसलं की येतोच. सगळीकडे स्पेसबारची टकटक सुरू झाली की माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. बाहेर उभं करणं मी सोडलं. त्यात मुलाचा तास बुडतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे, ती मला मनापासून पटते.

एका गोष्टीचा उपयोग झाला. कोणत्या मशीनवर कोणते हजेरी क्रमांक हे ठरवून दिलं. आल्या आल्या माउस-कीबोर्ड तपासून वहीत सही करायची. मोडतोड बरीच थांबली, गोंगाट तसाच.

मागच्या आठवड्यात एका मुलाला वायर ओढताना पकडलं. तास संपल्यावर थांबवून घेतलं, कारण विचारलं. बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत होता. मग म्हणाला, "बाई, माझा नंबरच येत नाही. दिवाळीपासून एकदाही नाही आला." वही उघडली. सही दर वेळी होती. माउस कुणाच्या हातात होता, ते मी कधी लिहिलंच नव्हतं.

आता शाळेत लॅबला कुलूप लावून वर्गातच फळ्यावर शिकवा, असं बोललं जातंय. मला ते नको आहे. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच मोबाइल आहे, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. संगणकाला हात लागतो तो इथेच.

तिसऱ्या मुलाला खरं काम कसं द्यायचं? आणि मी बोलत असताना सगळ्यांचे हात थांबवायला बिनखर्चाचा काही उपाय आहे का?

प्रतिसाद 1 (वाशी):
ताई, आमच्याकडेही हेच होतं. आम्ही ड्रायव्हर, कंडक्टर, चेकर केलं. ड्रायव्हरच्या हातात माउस. कंडक्टर पुढची पायरी वाचून सांगतो, पण हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. चेकर चूक पकडतो आणि वहीत लिहितो. सात मिनिटांनी घंटी, की तिघांनी एकेक खुर्ची सरकायची. कामही तिघांना पुरेल असं द्या. स्क्रॅचमध्ये (मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं सॉफ्टवेअर) मांजर चौकोनात फिरवायचं असेल तर कोन किती, पावलं किती, हे वहीत मांडल्याशिवाय माउस हलवायचा नाही. पहिले दोन तास गोंधळ होईल, सोडू नका.

प्रतिसाद 2 (ऐरोली):
तुम्ही बोलताना "मॉनिटर बंद" म्हणा आणि बटणाने फक्त पडदे बंद करायला लावा. संगणक चालूच राहतो, वेळ जात नाही. सगळी मशीन एका लॅनवर असतील तर व्हेयॉन नावाचं सॉफ्टवेअर बघा. मोफत आहे. तुमच्या मशीनवरून सगळ्यांचे पडदे दिसतात आणि एकदम लॉकही करता येतात. आधी दोन मशीनवर करून बघा. आणि टेबलं भिंतीला लावता आली तर जरूर लावा. मध्ये उभं राहिलं की मान वळवून सगळे पडदे दिसतात.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही खूप आभार. टेबलं हलवायला वायरमन लागेल, ते नंतर. शुक्रवारच्या तासाला घंटी घेऊन जाते, आणि वहीत आता माउसचाही रकाना आखलाय.

वाशीच्या ताई किंवा दादा, एक विचारायचं राहिलं. त्या मुलाला वाचन जड जातं. पहिल्याच दिवशी कंडक्टर केलं तर दोघांसमोर अडखळेल. त्याला आधी ड्रायव्हर करते, आणि त्याची कंडक्टरची पाळी येईल तेव्हा पायऱ्या चित्रांनी काढून देते. चालेल ना असं?