अमेरिकेत कॉलेजच्या मुलांसाठी टपाली मतदान सोपं करावं का?

निळासागर
लेक मिझुरीची मतदार, कॉलेज दुसऱ्या राज्यात. मतदानापुरतं घरी येणं जमत नाही, म्हणून टपाली मत. आधी अर्ज, मग मतपत्रिका, मग परतीच्या लिफाफ्यावर नोटरीसमोर सही. ऐन परीक्षेच्या दिवसांत नोटरी शोधत फिरायचं! एवढं करूनही लिफाफा मतदानाच्या संध्याकाळी ७ पर्यंत पोचला नाही तर मत बाद. पोस्टात कधी टाकला हे कुणी विचारत नाही. टेक्सासमध्ये तर अर्जसुद्धा कागदावर सही करून पाठवायचा आणि तो ११ दिवस आधी पोचलेला हवा. १८ वर्षांच्या मुलांना १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला ना? मग अर्ज ऑनलाइन घ्या, नोटरी काढा, आणि पोस्टाचा शिक्का वेळेतला असेल तर मत मोजा.

खडूफळा
नोटरी, साक्षीदार काढायला माझा ठाम विरोध. नॉर्थ कॅरोलायनाचा ९वा मतदारसंघ आठवा, २०१८. टपाली मतांत एवढा घोटाळा निघाला की निकाल बाजूला ठेवून पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. तो सापडला कसा? लिफाफ्यांमागून लिफाफ्यांवर साक्षीदार म्हणून त्याच मोजक्या माणसांच्या सह्या होत्या. साक्षीदाराची अट नसती तर पकडणार काय? शिवाय मुलं कॉलेजच्या गावात नाव नोंदवू शकतात. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्येच ते मान्य केलंय. चार वर्षं जिथे राहता, तिथेच मत द्या की.

रानवारा
नॉर्थ कॅरोलायनात घरोघर फिरून मतपत्रिका गोळा करणाऱ्यांनी घोटाळा केला, मतदारांनी नाही. साक्षीदार ठेवा, माझी हरकत नाही. रूममेट सही करेल. नोटरी कशाला? आणि ‘कॉलेजच्या गावात नाव नोंदवा’ म्हणणं सोपं. टेक्सासच्या मतदान केंद्रावर कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, पिस्तुलाचा परवाना चालतो!

खडूफळा
रूममेटची सही मान्य. ओळखपत्राचंही पटलं, तो नियम चुकीचाच आहे. पण उशिरा पोचलेली मतं मोजायला नकोत. निकाल लांबला की संशयाला वाव मिळतो, आणि प्रत्येक लिफाफ्यावर शिक्का पडतोच असंही नाही.

निळासागर
मग मतपत्रिका तरी लवकर पाठवा. परदेशातल्या मतदारांनी आणि सैनिकांनी वेळेत अर्ज केला असेल, तर केंद्रीय निवडणुकीत ४५ दिवस आधी ती पाठवायचं बंधन २००९ च्या कायद्याने राज्यांवर आहेच. कोरी मतपत्रिका ईमेलनेही मागवता येते. हीच सोय दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्या मुलांना द्यायला काय अडचण आहे?